विनोदी पात्रांचे साचे आणि सोंगाड्याची शिकवण

विनोदी मालिकेत काम करू पाहणाऱ्या नटाच्या हाती आज सर्वप्रथम दिला जातो तो साचा. लॉस एंजेलिसमधील अभिनयशिक्षक स्कॉट सेडिटा यांनी २००५ साली विनोदी पात्रांच्या आठ प्रकारांवर पुस्तक लिहिले. समंजस शहाणा, लोभस अपयशी, सदा धास्तावलेला, मठ्ठ, खवचट, पैशाचा हावरा, लंपट आणि आपल्याच विश्वात रमलेला, असे ते आठ. नटाने आपला प्रकार ओळखावा, लेखकाने हे प्रकार एकमेकांवर आदळू द्यावेत, म्हणजे हशा पिकतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील कामगार मुलांच्या नाट्यशिबिरांत मी ही पद्धत शिकवतो. ती उपयोगी आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या समाजात माणूस जन्मतःच साच्यात घातला जातो, तेथे रंगभूमीवरचा साचाही तपासूनच हाती घ्यावा लागतो.

या यादीतील आठही प्रकार स्वभावाचे आहेत. त्यांत जन्माचा एकही नाही. आपल्या विनोदाला हा नियम लावून पाहा. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते अविस्मरणीय केले. चिमणराव हा लोभस अपयशीच. तो भित्रा आहे, अधूनमधून फुशारक्या मारतो, आणि म्हणून आपण हसतो. तो ब्राह्मण आहे म्हणून कोणी हसत नाही. पांढरपेशा पात्राला असा स्वभाव मिळतो. गड्याला, मोलकरणीला, खेड्यातून आलेल्या पाहुण्याला मात्र बहुधा एवढेच मिळते: काळा रंग, 'न'च्या जागी 'ण', आणि तोंडाचा आ. त्याला काय हवे आहे हे लेखकाने ठरवलेलेच नसते. ज्याला काही हवे नाही ते पात्र नव्हे, ते हसण्यासाठी ठेवलेले बुजगावणे होय.

आमच्या शिबिरातील एका मुलाला एका निवडचाचणीत 'जरा गावठी बोल' असे सांगण्यात आले. तो परभणीकडचा; त्याची बोली मुळातच त्याच्या तोंडात होती. पण त्यांना ती बोली नको होती, बोलीची नक्कल हवी होती. दोष बोलीचा नाही हे ठामपणे सांगता येते, कारण २०१२ साली रंगभूमीवर आलेले 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक आपल्यासमोर आहे. राजकुमार तांगडे यांचे लेखन, संभाजी भगत यांची संकल्पना, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, आणि रंगमंचावर जालना जिल्ह्यातील शेतकरी नट. शिवाजी महाराजांच्या टोपाला बसेल असे डोके शोधत यम फिरतो. प्रेक्षक पोट धरून हसतात, पण मराठवाडी उच्चारांना हसत नाहीत. डोके न सापडण्याला हसतात.

याचे मूळ बरेच मागे आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र, जातीने ब्राह्मण आणि खादाड. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले तेव्हा हाच साचा उचलला आणि उलटा उभा केला. जोशी ग्रहांची भीती घालून शेतकरी जोडप्याला लुबाडतो, आणि विदूषक प्रेक्षकांकडे वळून जोशाचा एकेक डाव उघड करतो. दक्षिणा प्राइज कमिटीने नाटक नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे आपल्या विनोदी नटांना हा धडा वाचायलाच मिळाला नाही.

पण बोर्डावर तो जिवंत होता. तमाशातला सोंगाड्या राजाचे शब्द शब्दशः घेतो, हुकूम तंतोतंत पाळतो, आणि त्या पाळण्यातूनच हुकमाचा मूर्खपणा उघडा पडतो. ही बतावणीची तालीम. अण्णा भाऊ साठे यांनी 'देशभक्त घोटाळे'सारख्या लोकनाट्यांत तिचा रोख पुढाऱ्यांकडे वळवला. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'तला दादा कोंडक्यांचा हवालदार याच शाळेतला. मात्र या परंपरेची आंधळी आरती करण्याचे कारण नाही. गौळणीतल्या मावशीच्या तोंडचे कितीतरी विनोद बाईच्या अंगावरच पडत. सत्यशोधक जलशांनी गौळण बदलली. भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचा घाट ठेवून आतला ऐवज बदलला. वारसा घ्यायचा तो असा, पाखडून.

म्हणून शिबिरात मी मुलांना परका दिवाणखाना देत नाही. प्रसंगनिष्ठ विनोदाला हवी असते एक जागा, जिथून पात्रांना सहज निघून जाता येत नाही. चाकणजवळची दहा बाय दहाची खोली ही ती जागा. चार जण, दोन खाटा, तीन शिफ्टा. एकाला कंपनीचे सारे नियम पाठ आहेत, पण स्वतःला कधी काढतील ते ठाऊक नाही. दुसरा दर अकरा महिन्यांनी 'आता पर्मनंट होणार' म्हणून पेढे आणतो. तिसरा खाटेचे तासावर भाडे लावतो. चौथा कॅन्टीनच्या कुपनांवर कविता लिहितो. सेडिटांचे चार प्रकार इथे आपोआप आले, आणि प्रत्येकाला काही हवे आहे.

आता घरमालक येतो. गोड बोलणारा. त्याला भाडे हवे आहे, आणि भाड्याआधी आडनाव. तो म्हणतो, 'पूर्ण नाव सांगा.' मुलगा सांगतो: स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे, मग गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. मालक घामाघूम होतो, कारण जे विचारायचे ते त्याला तोंडाने विचारता येत नाही. मुलाने हुकूम तंतोतंत पाळलेला आहे! हा प्रवेश बसवताना मुले खदखदून हसली, आणि मग त्यांतल्या दोघांनी सांगितले की त्यांनी आडनाव सांगितले होते आणि खोली मिळाली नव्हती.

कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या, चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या आपल्या मुलांनी साचे जरूर शिकावेत. पण संहिता हाती आली की आधी दोन गोष्टी विचाराव्यात: माझ्या पात्राला काय हवे आहे, आणि हशा कोणावर पडतो? उत्तर मिळाले नाही तर लेखकाकडे मागावे. लेखकाकडेही नसेल तर पेन आपल्या हाती घ्यावे. खोलीतल्या त्या चार जणांचे लेखन अजून कोणीतरी करायचेच आहे.