‘द डिव्हाइन वुमन’: नऊ मिनिटांवरून न्याय करायचा का?

श्रोतेहो, आजचा चित्रपट आपल्यापैकी कुणीच पूर्ण पाहिलेला नाही. ग्लॅडिस उंगर यांच्या ‘स्टारलाइट’ या नाटकावरून १९२८ साली ‘द डिव्हाइन वुमन’ हा मूकपट आला. दिग्दर्शक व्हिक्टर श्योस्त्रोम, नायिका ग्रेटा गार्बो, नायक लार्स हॅन्सन, तिघंही स्वीडनचे. चित्रपट मात्र हॉलिवूडचा. पुढे तो हरवला. १९९३ साली रशियातल्या एका संग्रहात सुमारे नऊ मिनिटांचं एक रीळ सापडलं. मोठा म्हणावा असा तुकडा तेवढाच.

आता गंमत बघा. नायिका मारियान ही सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीवर बेतलेली. बर्नहार्टची कीर्ती कशावर? तर तिच्या आवाजावर! बालगंधर्वांचं जीवन मूकपटात दाखवावं, तसंच हे. मग उरतं काय?

ॲरिस्टॉटल म्हणतो, शोकांतिका नुसती वाचली तरी आपला परिणाम साधते. दृश्य हा तिचा गौण भाग. मूकपट हे नेमकं उलटं करतो. त्या रिळात सैनिक ल्यूसियन मारियानला भेटायला येतो. त्याला लगेच पलटणीबरोबर निघायचं आहे. रंगभूमीवर इथे विरहाचं भाषण आलं असतं. इथे गार्बो हसते, खोड्या काढते, बिलगते. वियोगाचं दुःख त्या खेळकरपणाआडून जाणवतं. आवाज गेला, पण देहाला बोलायला जागा मिळाली. रूपांतराचं यश मी याला म्हणतो.

पण इथे थांबायला हवं. हरवलेल्या कृतीला आपण फार सहज ‘अभिजात’ ठरवतो, कारण तिचे कंटाळवाणे भाग आपल्यासमोर नसतात. एका प्रसंगावरून प्रसंगाचा न्याय करता येतो, रचनेचा नाही. तेव्हा ‘हा प्रसंग उत्तम आहे’ एवढंच मी म्हणेन. ‘चित्रपट थोर होता’ असं म्हणणं म्हणजे श्रद्धा झाली, समीक्षा नव्हे.

आणखी एक. नाटकाची संहिता उरली, की नाटक पुन्हा उभं राहतं. नट बदलले तरी चालतं. चित्रपटाची शेवटची प्रत गेली की गार्बोचं ते हसूच गेलं. ते दुसऱ्या कुणाला करून दाखवता येत नाही. म्हणून जुन्या प्रती जपणं हा हौसेचा प्रश्न नाही, कलाकृतीच्या अस्तित्वाचाच आहे.