‘देवचार’ आणि सैतान : एका भाषांतराचे परीक्षण

गोमंतकातील ख्रिस्ती कोंकणीत ‘देवचार’ हा शब्द सैतानवाचक आहे. पेडणे व डिचोली या तालुक्यांतील हिंदू गावकऱ्यांच्या मुखी मात्र तोच शब्द गावाच्या राखणदाराचा आहे. हाती काठी व खांद्यावर कांबळे घेऊन तो रात्री शीव राखतो, वाट चुकलेल्यास घरी पोचवितो, अशी श्रद्धा आहे. त्यास रोट देऊन गाऱ्हाणे घालतात. हे दोन अर्थ आम्ही येथे परीक्षणास घेत आहोत. कारण शब्द चुकला की शेजारीही विपरीत दिसू लागतो.

या दुभंगाचे मूळ इतिहासात आहे. तिसवाडी, बार्देश व साष्टी येथे सोळाव्या शतकात मोठी धर्मांतरे झाली. डिचोली व पेडणे पोर्तुगीज अमलाखाली आली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर तो आवेश ओसरला होता. जुन्या काबिजादीत राखणदार सैतान ठरला; नव्या काबिजादीत राखणदारच राहिला.

येथे जपानचे स्मरण उचित होईल. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहून तिकडे गेले. परमेश्वरासाठी त्यांनी आरंभी ‘दाइनिची’ हे नाम योजिले. ते वैरोचन बुद्धाचे आहे हे उमगताच ते टाकून ‘देउस’ हा शब्द स्वीकारला. तेथे मूळ अर्थ ओळखून शब्द सोडला. येथे मूळ अर्थ डावलून शब्द ठेवला.

ग्रामश्रद्धेला राखणारा व पीडणारा यांतील भेद ठाऊक आहे. पेडण्याच्या कोजागिरी पुनवेस रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे निघतात आणि बाधा झाली असे मानलेली माणसे तेथे आणली जातात, ती पीडेपासून सुटकेसाठी. आमच्या भाषांतराने हा भेद पुसला.

म्हणून सर्व काही निर्दोष ठरत नाही. रोग्यास वैद्याआधी घाड्याकडे नेणे घातकच. परंतु आमच्या गळ्यातील स्कॅप्युलर ताईत म्हणून बांधले जात असेल, तर तोही तसाच सौदा होय. भूत काढण्याच्या विधीस बिशपांची स्पष्ट अनुज्ञा हवी, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे १७२ वे नव्हे, तर ११७२ वे कलम सांगते. हा संयम प्रवचनातील शब्दांनाही लागू व्हावा.

अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली घोषित केले. तेव्हा सैतानास ‘सैतान’च म्हणावे. शेजाऱ्याने शिवेवर ठेवलेला रोट पाहून ख्रिस्ती मुलाने भ्यावे, हे आमच्या शिकवणीचे फळ असू नये.