'लोक काय म्हणतील?' आणि दलित आत्मकथन

'लोक काय म्हणतील?' हा प्रश्न मध्यमवर्गीय मराठी साहित्याने संकोचाचा म्हणून हाताळला आणि 'लोकांकडे लक्ष देऊ नका' असा स्वस्त उपदेशही केला. दलित समीक्षेने हा उपदेश उसना घेण्याचे कारण नाही. ज्याचे पाणी आणि मजुरी गावाच्या मर्जीवर अवलंबून, त्याच्या बाबतीत लोकांचे मत म्हणजे भाकर असते, कधी जीवही असतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, तेव्हा गावांनी आपले मत दलित वस्त्या जाळून सांगितले. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. याच जालना भागातून आलेल्या रुस्तुम अचलखांब यांनी आपल्या आत्मकथनाला 'गावकी' हे नाव दिले. गावाचा कारभार आणि गावाने लादलेले काम, दोन्ही त्या एका शब्दात मावतात. निवाडा करणारा आणि राबवून घेणारा एकच असेल, तर त्याच्या मताची पर्वा न करणे ही चैन कोणाला परवडणार?

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला निवेदक भित्रा, असे काही विद्यार्थी लिहितात. हे वाचन उथळ आहे. नोकरीच्या गावी डोक्यावर छप्पर हवे म्हणून तो जात लपवतो. उघड होताच मार खातो. त्याच कथेत जात न लपवणारा काशीनाथ आहे, पण त्यालाही सतत भांडणाच्या तयारीतच जगावे लागते. म्हणजे लपवणारा आणि सांगणारा, दोघांचाही दिवस दुसऱ्यांच्या नजरेनेच आखलेला. बागुल दोघांपैकी कोणालाही स्वस्तात सोडत नाहीत, ही त्यांची थोरवी.

दुसरी नजर आपल्याच माणसांची. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले तेव्हा, घरातली लाज चव्हाट्यावर मांडली, असा आक्षेप वस्तीतूनच निघाला. तो हसण्यावारी नेणे चूक होते. आपली लाज आजवर कोणी कशी वापरली, हे वस्तीला ठाऊक होते. आणि प्रस्थापित समीक्षकांनी 'दाहक वास्तव' असा शिक्का मारून टाळ्या वाजवल्या, त्याने आक्षेपाला बळच मिळाले. (हा शिक्का मिळावा म्हणून आज दुःखाची मात्रा वाढवणारे नवे लेखकही दिसतात. तीही परक्या मताचीच गुलामी.)

मात्र बेबीताई कांबळे यांची गोष्ट या आक्षेपात बसवता येत नाही. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी लिहिले आणि सुमारे वीस वर्षे ते लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' १९८६ साली ग्रंथरूपाने आले. त्यात सवर्णांचा जाच आहे, तसाच सुनेच्या पायात खोडा घालणारा आपल्या घरातला जाचही आहे. बागुलांच्या निवेदकाने जात लपवली ती परक्यांपासून. बेबीताईंनी वह्या लपवल्या त्या आपल्या माणसांपासून. आपल्या चर्चासत्रांत पहिल्या लपवण्यावर निबंधांमागून निबंध वाचले जातात, दुसऱ्याची वेळ येते तोवर अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागलेले असतात.