तयार साचा आणि कधीच नापास न होणारी चाचणी

मोठी आज्ञावली एका फाइलीत मावत नाही. शेकडो फाइलींचे योग्य क्रमाने यंत्रभाषेत रूपांतर करून त्या जोडाव्या लागतात. या कामाला 'बिल्ड' म्हणतात. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली 'मेक' हे साधन लिहिले ते यासाठीच. मात्र कोणती फाइल कोठे ठेवायची, हे मेकने ज्याच्या त्याच्यावर सोडले. साहजिकच प्रत्येक प्रकल्पाची मांडणी निराळी झाली.

जावा भाषेसाठीच्या 'मेव्हन'ने (आवृत्ती १.०, २००४) सर्वांना एकच मांडणी सुचवली. मूळ आज्ञा 'मेन'मध्ये, चाचण्या 'टेस्ट'मध्ये आणि यंत्राने तयार केलेले सारे 'टार्गेट'मध्ये. ही मांडणी एका आदेशासरशी उभी करणाऱ्या साच्याला तेथे 'आर्किटाइप' म्हणतात. 'टार्गेट'ची कल्पना मला विशेष आवडते. हे फोल्डर संपूर्ण पुसले तरी बिघडत नाही, मूळ आज्ञांवरून ते पुन्हा तयार होते. काय जपायचे आणि काय टाकायचे, हे आपल्या प्रयोगशाळांच्या कपाटांतही इतके स्पष्ट नसते!

तक्रार आहे ती साच्यासोबत येणाऱ्या नमुन्याबद्दल. 'क्विकस्टार्ट' या प्राथमिक साच्यात 'हॅलो वर्ल्ड' छापणारी छोटी आज्ञावली व तिची एक चाचणी मिळते. ही चाचणी काय तपासते? 'सत्य हे सत्य आहे', एवढेच. आज्ञावलीला भलतेच वाक्य छापू द्या, चाचणी उत्तीर्णच! पडद्यावर 'बिल्ड सक्सेस' अशी अक्षरे उमटतात आणि शिकणाऱ्याला वाटते, तपासणी झाली. निष्कर्ष आधीच छापलेली प्रयोगवही आपण विद्यार्थ्याच्या हाती देऊ का? माझ्या मते साच्यात मुद्दाम नापास होणारी चाचणी हवी होती. ती उत्तीर्ण करण्यासाठी तरी आज्ञावली वाचावी लागली असती.

शिवाय साच्याची नक्कल एकदाच होते. साचा पुढे सुधारला, तरी आधी उभारलेल्या प्रकल्पांना त्याचा पत्ता नसतो. आणि साचाही लवकर सुधारत नाही. चाचण्यांसाठीच्या 'जेयूनिट'ची चौथी आवृत्ती २००६ साली आली, तरी त्यानंतर कितीतरी वर्षे क्विकस्टार्ट ३.८.१ हीच आवृत्ती लिहून देत असे.

म्हणून वर्गात पहिला प्रकल्प हातानेच मांडून घ्यावा. चार-पाच फोल्डर आणि प्रकल्पाचे वर्णन करणारी 'पॉम' ही फाइल, इतकेच लागते. साचा दुसऱ्या प्रकल्पापासून वापरावा, आणि त्यातली ती चाचणी पहिल्याच दिवशी पुसून टाकावी.