पत्र्यावरचा उजेड

दसऱ्याच्या आठवड्यात मुरुम, उमरगा, तुळजापूर या पट्ट्यातल्या कोणाचेही स्टेटस उघडा, एकच फोटो पुन्हा पुन्हा भेटतो. नवी गाडी, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि गाडीपुढे ओळीत उभे सगळे घर. हा फोटो आनंदाचा आहे, तो निघालाच पाहिजे. पण त्यात गाडी दिसत नाही. निम्मी माणसांच्या मागे जाते, उरलेली दुपारच्या उन्हात पांढरी पडते. मग संध्याकाळी घरातला तरुण मुलगा 'फक्त गाडीचा' फोटो काढायला बाहेर पडतो आणि हौशी छायाचित्रण खरे तिथे सुरू होते. गेल्या काही वर्षांत या हौसेला चांगले फोन मिळाले, ड्रोन मिळाले, रंग चढवणारी ॲप्स मिळाली. पत्र्यावर काय पडले आहे, हे बघायची सवय मात्र अजून लागलेली नाही.

अशा फोटोंपैकी एक नीट बघू. काळी एसयूव्ही, शोरूमच्या दारात. मालकाला ती रुबाबदार वाटते, आणि आहेही. पण दरवाजावर नजर ठेवली की छतावरच्या ट्यूबलाइटच्या तुटक पांढऱ्या रेघा दिसतात. त्यांच्यामुळे दाराचा सलग बाक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नाही. मागच्या दारात समोरच्या टपरीच्या निळ्या ताडपत्रीचा तुकडा उमटला आहे. पुढच्या दारात फोटो काढणाराच पाय फाकवून, फोन डोळ्यांपुढे धरून उभा आहे. टपावरून विजेचा खांब उगवला आहे. यातली एकही गोष्ट महागड्या लेन्सने सुधारत नाही. दोन पावले डावीकडे सरकले असते तर खांब आणि टपरी दोन्ही गेली असती.

गाडीचा रंगवलेला पत्रा हा वाकवलेला आरसा असतो. गाडीचा फोटो म्हणजे त्या आरशात पडलेल्या आसपासच्या जगाचा फोटो. म्हणून जाहिरातींचे छायाचित्रकार स्टुडिओत गाडीच्या डोक्यावर तिच्यापेक्षा लांब पांढरा पडदा टांगतात आणि त्याची एकच स्वच्छ कड गाडीच्या अंगावरून पुढून मागेपर्यंत जाऊ देतात. ती रेघ गाडीचा आकार सांगते. मुरुमच्या आसपास हा पडदा रोज फुकट टांगलेला असतो. आपला मुलूख सपाट. उभ्या उसाचे फड सोडले तर मोकळ्या माळावर क्षितिजापर्यंत आड येणारे काही नसते. सूर्य मावळल्यावर पश्चिमेचे आभाळ वीस-पंचवीस मिनिटे उजळ राहते. तेवढ्या वेळात गाडीची कूस पश्चिमेकडे करून उभे राहा : वरच्या अर्ध्या पत्र्यावर आभाळ, खालच्या अर्ध्यावर काळी जमीन आणि मधून क्षितिजाची सरळ रेघ. पुण्या-मुंबईच्या पोरांना इमारतींमुळे ही जागा शोधत हिंडावे लागते. आपण ती सोडून पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी लावतो.

उलट भर दुपारचे फोटो इथे सर्वांत वाईट का येतात, यालाही कारण आहे. मुरुमचे अक्षांश साधारण पावणेअठरा अंश. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो. टप आणि बॉनेट जळून पांढरे, दारे आणि चाके अंधारात. लग्नसराईतल्या सजवलेल्या गाड्यांचे बरेच फोटो याच उन्हात वाया जातात. पांढरी गाडी असेल तर विचारूच नका. पोलरायझर काचेवरची आणि रंगावरची चमक थोडी कमी करतो, पण तो पूर्ण फिरवून सगळे प्रतिबिंब पुसले की पत्रा मेल्यासारखा दिसतो. दुपारी थांबणे हाच उपाय.

रचनेत एक दोष सर्वत्र आहे : उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून, गाडीच्या अगदी जवळून काढलेला फोटो. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. जवळ गेले की जवळचा हेडलाइट फुगतो आणि मागचा भाग आखडतो, धिप्पाड गाडी खेळण्यातली वाटते. दहा-पंधरा पावले मागे जा, फोनची दुपटी-तिपटीची लेन्स घ्या, हेडलाइटच्या उंचीला खाली बसा. पुढून तिरका कोन घेत असाल तर पुढचे चाक असे वळवा की त्याची जाळी कॅमेऱ्याला दिसेल, नुसता टायर नाही. एवढ्याने निम्मे काम होते.

चालत्या गाडीच्या फोटोत मात्र आपली पोरे खरोखर पुढे गेली आहेत. रील्सच्या नादाने कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा हात तयार झाला. फक्त शटरचे गणित समजून घ्यायला हवे. ताशी 36 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 10 मीटर कापते. एक सहस्रांश सेकंदात ती फक्त 1 सेंटिमीटर सरकते, चाक थिजते आणि गाडी उभी असल्यासारखी दिसते. एक पन्नासांश सेकंदात ती 20 सेंटिमीटर जाते. चाकाचा परीघ साधारण दोन मीटर, म्हणजे चाक एक दशांश फिरते आणि आरे विरघळतात. कॅमेरा तेवढ्याच वेगाने फिरवला तर गाडी ठळक राहते आणि मागचे शेत वाहते. हा प्रकारही एका हौशी मुलानेच गाजवला. झाक आंरी लार्तिगने 1912 च्या सुमारास, विशीच्या आतच, फ्रान्समधल्या ग्रां प्री शर्यतीतल्या गाडीवर कॅमेरा फिरवला. त्याच्या कॅमेऱ्याचे शटर चित्र एकदम न उमटवता पट्टीपट्टीने उमटवत होते, त्यामुळे चाक पुढे झुकलेले लंबगोल आले आणि बघे मागे कललेले. वेग म्हणजे काय, हे त्या एका चाकाने दाखवले. जगाने त्याची दखल 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या प्रदर्शनानंतर घेतली. आपल्या फोनचा सेन्सरही चित्र ओळीओळीनेच वाचतो. ही खोड कुणी मुद्दाम कामाला लावलेली मी अजून पाहिली नाही.

हे सगळे फोटो सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या कडेला उभे राहून काढू नका. उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. गावाकडचा मोकळा रस्ता पुरेसा आहे.

माझी सर्वांत मोठी तक्रार पार्श्वभूमीबद्दल आहे. पोर्ट्रेट मोडने मागचे सगळे धूसर करायचे, नाहीतर ॲपमधले परदेशी डोंगर आणि जांभळे आभाळ चिकटवायचे, ही आज आपल्याकडची सर्वमान्य शैली आहे. गाडीवर एमएच 25 आणि मागे स्वित्झर्लंड! छायाचित्रकार रघुबीर सिंह यांनी याच्या नेमके उलट केले. ॲम्बॅसेडरच्या दारांच्या, काचांच्या आणि आरशांच्या चौकटीतून त्यांनी भारत टिपला. 1999 मध्ये ते गेले, त्यानंतर 2002 मध्ये या फोटोंचे पुस्तक आले. त्यात गाडी आणि देश एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. नळदुर्गच्या काळ्या दगडी तटाजवळ, तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यात, गळीत हंगामात कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या रांगेशेजारी उभी असलेली गाडी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याची वाटणार नाही.

एक प्रकार मात्र मला मनापासून आवडतो, आणि त्याला कोणी कला मानत नाही : जुनी गाडी विकायला काढलेले फोटो. चारही कोपरे, झिजलेले टायर, किलोमीटरचा आकडा, बंपरवरचा ओरखडा. दाखवायचे काय ते ठरलेले असल्याने चौकट आपोआप नेटकी येते.

जुन्या गाड्यांवरून आठवले : प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांच्या कंपनीची पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून कित्येक दशके धावली आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. निरोपाच्या दिवसांत तिच्याभोवती कॅमेऱ्यांची गर्दी झाली. आपल्या तालुक्यातल्या काळ्या-पिवळ्या जीपा, फाट्यावरचे टमटम, रंगवलेली बॉनेटे मिरवणारे जुने ट्रॅक्टर आज रोज समोरून जातात, आणि त्यांच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. मुरुमच्या महाविद्यालयाने किंवा एखाद्या गणेश मंडळाने येत्या वर्षी तालुक्यातल्या वाहनांच्या फोटोंचे प्रदर्शन भरवावे : फोनवर नाही, कागदावर छापून, भिंतीवर लावून. अट एकच ठेवा, चौकटीत हा तालुका ओळखू आला पाहिजे.