जात ‘चोरणे’ : अदिन्नादान की मुसावाद?

वर्षावासात औंढा नागनाथ परिसरातील एका विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असताना, शिक्षणासाठी शहरात राहणाऱ्या एका तरुणाने प्रश्न विचारला. भाड्याची खोली पाहायला गेला तेव्हा त्याने केवळ स्वतःचे नाव सांगितले, आडनाव सांगितले नाही. घरमालकाने जे समजायचे ते समजून घेतले. “सर, मी चौथे शील मोडले का?” एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, बाबासाहेबांच्या लेकरांनी लपून राहू नये. मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, मग पोराने रस्त्यावर झोपायचे काय? मला बाबूराव बागुलांची कथा आठवली.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा बागुलांचा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. शीर्षककथेचा नायक रेल्वेतील नोकरीसाठी गुजरातेत जातो, जात उघड न करता रामचरण तिवारी या सहकाऱ्याच्या घरी राहतो, कवी म्हणून आदर मिळवतो आणि जात कळताच बेदम मार खातो. जात न लपवणारा काशिनाथ त्याला सोडवतो. कथेतील विद्रोहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र शीर्षकातील क्रियापदापाशी थांबावेसे वाटते. नायकाने चोरले काय? आणि कोणाचे?

विनयपिटकातील दुसरे पाराजिक चोरीविषयी आहे. सुत्तविभंगात त्याची घटके दिली आहेत : वस्तू दुसऱ्याच्या मालकीची हवी, ती दुसऱ्याची आहे याची जाणीव हवी, तिला काही मोल हवे, मनात थेय्यचित्त म्हणजे चोरीचा हेतू हवा आणि वस्तू जागेवरून हलवलेली हवी. हा नियम ज्या प्रसंगातून आला तोही लक्षात घेण्याजोगा आहे. कुंभारपुत्र धनिय या भिक्खूने राजाने शब्द दिल्याचे सांगून नगराच्या डागडुजीसाठी राखलेली लाकडे कुटीसाठी नेली. राज्याभिषेकाच्या वेळी राजाने श्रमणांना तृण, काष्ठ व उदक दिल्याची घोषणा झाली होती, एवढाच त्याचा आधार. बिंबिसाराने त्याला श्रमणवेषामुळे सोडले. भगवंतांनी मात्र पूर्वी न्यायखात्यात अधिकारी असलेल्या एका भिक्खूला विचारले, की किती मोलाच्या चोरीसाठी राजा शिक्षा करतो. ‘एक पाद’ हे उत्तर मिळाले आणि तेच माप संघाने स्वीकारले. धम्मविनयाला राज्याचा कायदा विचारताना संकोच वाटला नाही. आपल्याकडील काही अभ्यासकांना तो उगाच वाटतो.

ही घटके कथेला लावली तर चोरी सिद्ध होत नाही. नायकाने घेतले ते एक छप्पर, शेजाऱ्याचा आदर आणि माणसासारखी वागणूक. यांपैकी तिवारीच्या मालकीचे काही असेल तर छप्पर, आणि ते त्याने स्वतः राहायला दिलेले होते. मग ‘चोरली’ हा शब्द कोणाचा? तो मारणाऱ्यांचा शब्द आहे. बागुलांनी तो उपरोधाने नायकाच्या तोंडी घातला, हे त्यांचे बळ. पण कथेच्या शेवटी मार मनूच्या नावावर जातो, तेथे मी अडखळतो. व्यवस्था दाखवून देणे आवश्यकच होते. तथापि भगवंतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. मनूने हात उगारला नव्हता. ज्यांनी उगारला त्यांची चेतना त्यांचीच होती.

औंढ्यात ही गोष्ट अधिक बोचते. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे बसवले गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका येथे घरोघरी ठाऊक आहे. चमत्काराने निवाडा केला. पण ज्यांनी नामदेवांना मागे पाठवले त्यांना कोणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही. विनयाची रीत निराळी आहे. तेथे संबंधित भिक्खूला समोर बोलावून प्रथम विचारले जाते, की तू असे केलेस हे खरे आहे काय?

आता मुसावाद. येथे सूट मागता येत नाही. त्या तरुणाने खोटे आडनाव सांगितले असते तर ते असत्यच ठरले असते, कारण कितीही सबळ असो. मौनाचे काय? पातिमोक्खाच्या निदानात तीनदा विचारूनही गप्प राहणाऱ्याला जाणूनबुजून असत्य बोलल्याचा दोष सांगितला आहे. पण तेथे विचारणारा संघ आहे आणि प्रश्न स्वतःच्या आपत्तीविषयी आहे. जात ही आपत्ती नव्हे, घरमालक हा संघ नव्हे. त्या मौनात मला दोष दिसत नाही.

उलट त्या प्रश्नाकडेच कायदा संशयाने पाहतो. १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्याचे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामांतर झाले. त्याच्या चौथ्या कलमानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर मिळवण्यास मज्जाव करणे गुन्हा आहे. बाराव्या कलमानुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेमुळेच घडले, असे न्यायालय विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरते. बौद्धांना हा आधार १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. येथे खुलासा मालकाने करायचा आहे, भाडेकरूने नव्हे.

मौनाची किंमत मात्र आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील गंभीर गुन्ह्यांच्या कलमात पूर्वी कृत्य जातीच्या कारणावरूनच केल्याचे दाखवावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आरोपीला जात ठाऊक होती एवढे पुरेसे ठरवले. आपण लपवलेले तो जाणत होता, हे मग सिद्ध कसे करायचे? हे मी तरुणाला सांगितले तेव्हा त्याने पिशवीतून भाडेकराराची प्रत काढली. तीवर त्याच्या हातचे पूर्ण नाव होते, आडनावासह; मालकाने न वाचताच सही केली होती. ती प्रत जपून ठेवण्यास मी त्याला सांगितले.