‘असूनही’चे व्याकरण

दहावी-बारावीचे निकाल लागले की वृत्तपत्रांत एक वाक्य हमखास छापून येते: ‘अंध असूनही अमुक टक्के गुण.’ यातील ‘असूनही’ हे रूप तपासून पाहण्यासारखे आहे. ‘असून’ला जोडलेले ‘ही’ विरोध सूचित करते. अंधत्व आणि यश यांची सांगड अस्वाभाविक आहे, हे गृहीतक ते वाचकाच्या नकळत त्याच्याकडून मान्य करून घेते. ब्रेल पुस्तके वेळेवर मिळाली काय, लेखनिक कोणी मिळवून दिला, हे प्रश्न वाक्याबाहेरच राहतात. अडथळा शरीरात आणि यश जिद्दीत. मधला समाज निर्दोष सुटतो.

चित्रपटाच्या कथनातही हे व्याकरण सूक्ष्मपणे वावरत असते. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार असते, शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर नेऊन जग दाखवतात. सुवर्णकमळ मिळवणाऱ्या या चित्रपटाचा संयम वादातीत आहे. तथापि त्याच्या रचनेत अंधत्व हे कथनाचे टोक आहे. मुलगा गावी परततो आणि चित्रपट थांबतो. म्हणजे अंध मुलाचे आयुष्य जेथे सुरू होते, तेथेच. आपण अनुभवतो ते प्रामुख्याने आजोबांचे, डोळसाचे दुःख.

सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) याच्या उलट बाजूने सुरू होतो. अंधशाळेचा प्राचार्य असलेल्या अनिरुद्धच्या लेखी अंधत्व ही घटना नसून दिनचर्या आहे. तो मानी आहे, हेकट आहे. कविताच्या प्रेमात त्यागाचा संशय येताच ठरलेले लग्न मोडण्याइतका अन्यायीही आहे. त्याचे हे चुकणे महत्त्वाचे. दयेच्या आणि गौरवाच्या, दोन्ही कथांत अपंग व्यक्तीला दोष असण्याची मुभा नसते. ‘दिव्यांग’ या आता शासनमान्य झालेल्या शब्दाची अडचणही हीच आहे. त्यात न्यूनाच्या जागी दिव्यत्व येते, सामान्यत्व मात्र येत नाही.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृक्‌श्राव्य माध्यमांतील अपंगत्वाच्या चित्रणाविषयी निकाल देताना, अवहेलना करणारा विनोद आणि अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद यांत भेद केला. चित्रणाच्या निर्मितीत अपंग व्यक्तींच्या सहभागावरही भर दिला. परंतु न्यायालय शब्दांची मर्यादा आखू शकते, दृष्टिकोन घडवू शकत नाही. ते काम समीक्षेचे आहे.

आणि समीक्षेची भाषा तरी निर्मळ आहे काय? न पटलेल्या युक्तिवादाला आपण ‘लंगडा’ म्हणतो, चिकित्सा टाळणाऱ्या श्रद्धेला ‘आंधळी’. ज्यांच्या शरीरांवर ही रूपके उभी आहेत तेही आपले वाचक असू शकतात, हे लिहिताना आपल्या मनात नसते. वृत्तपत्राच्या ‘असूनही’वर बोट ठेवण्यापूर्वी स्वतःचे लेखन एकदा या दृष्टीने वाचावे लागेल. प्रस्तुत लेखकाने आपले जुने लेख असे वाचले, तेव्हा हे दोन्ही शब्द त्यांत सापडले.